पाच दिवस तूप, दोन दिवस भात: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकाला लो कार्ब हाय फॅट डाएटबद्दल (भात-पोळी-साखर कमी, तूप-पनीर-अंडी जास्त) थोडक्यात उत्तर दिलं होतं आणि शेवटी एक वाक्य टाकलं होतं की मधूनमधून कार्ब लोडिंग, म्हणजे एक-दोन दिवस मुद्दाम भरपूर कार्ब खाणं, करणार असाल तर तो वेगळा विषय आहे, कधीतरी बोलू. त्या एका वाक्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. नावं छापत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी स्वतःच्या किंवा घरच्यांच्या औषधांची माहिती दिली आहे. प्रश्न थोडे कापलेत, अर्थ बदललेला नाही.

प्रश्न: ताई, मी हिंजवडीला आयटीत आहे, वय ३४, वजन ८६. सोमवार ते शुक्रवार कीटो करतो, दिवसाला २५-३० ग्रॅम कार्ब, बाकी अंडी चिकन पनीर तूप. शनिवार रविवार कार्ब लोडिंग. शुक्रवारी वजन दोन किलो कमी दिसतं आणि सोमवारी परत होतं तिथेच, कधी अर्धा किलो जास्त. जिमचा ट्रेनर म्हणतो मेटाबॉलिझम रिसेट होतोय, चालू ठेव. चार महिने झाले. खरंच काही होतंय का?

चार महिने नेटाने करताय, त्यामुळे सरळच सांगते. शुक्रवारी जे दोन किलो जातात ते जवळजवळ सगळं पाणी असतं. आपल्या लिव्हरमध्ये ८०-१०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे खाल्लेल्या कार्बचा साठा, असतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर अंदाजे ३ ग्रॅम पाणी धरून बसतं, म्हणजे हा साठा रिकामा होत गेला की दीड-दोन किलो असेच उतरतात. त्यात कार्ब कमी झाले की इन्सुलिन खाली येतं आणि किडनी मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकते, म्हणून पहिले दोन दिवस सारखं बाथरूमला जावं लागतं ते त्यामुळे. शनिवारी भात खाल्ला की साठा भरतो, पाणी परत येतं, काटा परत वर. हिशोब करून बघा ना, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, दोन किलो म्हणजे १५ हजारच्या वर, पाच दिवसांत तेवढी तूट पाडायची तर रोज ३,००० कॅलरी कमी खाव्या लागतील, म्हणजे जेवायचंच नाही आणि वर आणखी काहीतरी जाळायचं.

दुसरी गोष्ट, तुम्ही ज्याला पाच दिवसांचं कीटो म्हणताय त्यातले सुरुवातीचे एक-दोन दिवस तर लिव्हरचा साठा संपण्यातच जातात. बुधवारी कुठे कीटोसिस लागतं, म्हणजे लिव्हर फॅटपासून कीटोन बनवतं आणि शरीर त्यावर चालायला लागतं, आणि शनिवारी नाश्त्यालाच ते मोडतं. शरीराला फॅटवर नीट चालायची सवय लागायला काही आठवडे लागतात आणि तुम्ही त्याला दर आठवड्याला पहिल्या पानावर आणून ठेवताय.

हा पाच-दोनचा प्रकार आला कुठून तेही सांगते. माउरो दी पास्क्वाले नावाचे कॅनडाचे डॉक्टर, स्वतः पॉवरलिफ्टर, त्यांनी १९९० च्या दशकात तो बॉडीबिल्डर लोकांमध्ये आणला. ती माणसं आठवडाभर जड वजनं उचलायची, जेवण ग्रॅममध्ये मोजायची, आणि लोडिंग पुढच्या आठवड्याच्या ट्रेनिंगसाठी असायचं. आपल्याकडच्या जिममध्ये आलं तेव्हा त्यातलं मोजमाप गळून गेलं आणि शनिवार-रविवार तेवढा उरला. बरं मोजून केलं तरी फायदा किती? २०२० मध्ये प्राग इथल्या संशोधकांचा एक अभ्यास आला, २५ निरोगी तरुण, ८ आठवडे, एका गटाला असंच पाच दिवस कीटो आणि वीकेंडला कार्ब, दुसऱ्याला साधं समतोल कमी कॅलरीचं जेवण, व्यायाम दोघांनाही. चरबी दोघांचीही उतरली, पण कीटोवाल्या गटाच्या घटलेल्या वजनात पाणी आणि स्नायूंचा वाटा होता, आणि ताकद नि दमसास वाढला तो साध्या जेवणवाल्यांचा. छोटा अभ्यास आहे, मान्य, पण तुमच्या प्रश्नाला याहून जवळचं काही मला माहीत नाही.

मेटाबॉलिझम रिसेट होतो म्हणतात त्यामागे लेप्टिन या हार्मोनचा मुद्दा असतो, एक-दोन दिवस भरपूर कार्ब खाल्ले की ते थोडं वर जातं हे बरोबर आहे, पण परत कमी खायला लागलात की ते परत खाली येतं. त्याच्यावर चार महिने काढण्यात अर्थ नाही.

आणि तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारते, शनिवार-रविवार नक्की काय खाता? कारण बहुतेक जण लोडिंग म्हणून मिसळ, बिर्याणी, जिलेबी, रात्री बिअर असं सगळं लावतात, त्यात कार्ब जेवढे त्याच्या बरोबरीने फॅट. लोडिंगच्या दिवशी फॅट कमी ठेवायचं असतं, हा त्याचा मूळ नियम आहे, आणि तोच कोणी पाळत नाही. शिवाय फॅट जाळायच्या मोडमध्ये असलेलं शरीर अचानक आलेली साखर नेहमीसारखी हाताळू शकत नाही. कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात ९ निरोगी तरुणांना ७ दिवस लो कार्ब देऊन मग ७५ ग्रॅम ग्लुकोज दिलं तर शुगर नेहमीपेक्षा जास्त चढली आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसल्या. नऊच जण होते म्हणून त्यावरून घाबरवणार नाही, पण दर आठवड्याला हे करत राहावं असंही मी म्हणणार नाही.

करायचंच असेल तर एकच दिवस करा, आणि तो पाय-पाठीच्या जड वर्कआउटनंतरचा ठेवा. किलोमागे ५ ग्रॅम धरले तर तुमचे ४३० ग्रॅम कार्ब होतात, ते भात, वरण, कमी तेलाचे पोहे, रताळं, केळी यातून घ्या आणि दिवसाचं फॅट ५० ग्रॅमच्या आत ठेवा. वजन शुक्रवार विरुद्ध सोमवार बघू नका, या शुक्रवारची तुलना पुढच्या शुक्रवारशी करा आणि कंबर टेपने मोजा. महिनाभरात दोन्ही हललं नाही तर हा प्रकार तुमच्यासाठी काम करत नाहीये. मला विचाराल तर जिमच्या दिवशी दीडशे-दोनशे ग्रॅम, सुट्टीच्या दिवशी त्याहून कमी, असं ठेवा. कार्ब किती खायचे हे त्या दिवशी शरीराने काय काम केलं त्यावर ठरवावं, वार कुठला त्यावर नाही.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, चिपळूण. शाकाहारी, अंडंही खात नाही. लो कार्ब हाय फॅट करून महिन्यातल्या दोन एकादशींना साबुदाण्याने कार्ब लोड केलं तर उपासही होईल आणि डाएटही, चालेल का?

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५-८७ ग्रॅम कार्ब आणि प्रोटीन नावालाही नाही. पण खिचडीत दाण्याचं कूट आणि तूप असतं, म्हणजे परत कार्ब आणि फॅट एकत्रच. उपास श्रद्धेने करा, त्याला लोडिंग म्हणू नका, कारण लोडिंगला अर्थ तेव्हाच जेव्हा तासन् तास पळून किंवा वजन उचलून स्नायूंमधला साठा रिकामा झालाय. वर्गात दिवसभर उभं राहून पाय दुखतात हे खरं पण साठा त्याने रिकामा होत नाही.

आणि शाकाहारात २५-३० ग्रॅम कार्बचा हट्ट मला पटत नाही. एक वाटी तुरीच्या वरणात, ३० ग्रॅम कोरडी डाळ धरली तरी, सतरा-अठरा ग्रॅम कार्ब जातात, मग लोक डाळ बंद करतात आणि पनीर-तूप-खोबरं यावर येतात, प्रोटीन पडतं आणि तीन महिन्यांनी केस गळतायत म्हणून मेल येतो. तुम्ही १०० ते १३० ग्रॅमवर राहा. एक भाकरी, डाळ किंवा उसळ दोन्ही वेळेला, पनीर किंवा सोयाबीन, ताक, भरपूर पालेभाजी, मूठभर शेंगदाणे. भात पोहे साखर कमी करा. चहात तूप घालून पिऊ नका, त्याने काहीही साधत नाही.

प्रश्न: मी साताऱ्याचा, वय ४१, वजन ६०. गेली तीन वर्षं हिल हाफ मॅरेथॉन पळतो, वेळ अडीच तासाच्या आसपास. यंदा ग्रुपमध्ये दोघं म्हणतायत की सहा आठवडे लो कार्ब हाय फॅट करायचं म्हणजे शरीर फॅट जाळायला शिकतं, आणि शेवटचे दोन दिवस कार्ब लोड करायचं, म्हणजे फॅटही जळेल आणि ग्लायकोजेनही फुल. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. करू का?

ऐकायला मलाही बरोबर वाटतं, आणि म्हणूनच जगातल्या चांगल्या चांगल्या लॅबनी यावर वर्षं घातली. हा प्रश्न मला मनापासून आवडला त्यामुळे जरा लांब लिहिते.

कार्ब लोडिंगची सुरुवात स्वीडनमध्ये झाली. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोघांनी १९६६ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला, एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, दमेपर्यंत, मग तीन दिवस भरपूर कार्ब खाल्ले आणि सुईने दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे कण काढून तपासले. ज्या पायाने काम केलं होतं त्यात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट! यातून पुढे पद्धत बनली ती अशी की आधी दमवणारा व्यायाम, मग तीन दिवस कार्ब जवळजवळ बंद, मग तीन दिवस कार्बच कार्ब. ब्रिटनच्या रॉन हिलने १९६९ ला अथेन्समध्ये युरोपियन मॅरेथॉन जिंकली तेव्हा तो हेच करत होता. पण १९८१ मध्ये अमेरिकेत शर्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मधले ते कार्ब बंद तीन दिवस सोसायची गरजच नाही, व्यायाम हळूहळू कमी केला आणि शेवटचे दिवस कार्ब वाढवले की साठा तेवढाच भरतो. तेव्हापासून चांगले कोच ते सोसणं सांगत नाहीत.

आता तुमच्या मित्रांची आयडिया, ती याच्या पुढची आहे, आधी फॅटची सवय आणि मग लोड. यातला पहिला भाग खरा आहे, पाच-सहा दिवसांतच शरीर जास्त फॅट जाळायला लागतं आणि एक दिवस कार्ब खाल्ले तरी ते टिकतं. मग गडबड कुठे? २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आठ सायकलपटूंवर हाच प्रयोग झाला, फॅटवाले दिवस, मग एक दिवस कार्ब लोड, मग १०० किलोमीटर, मध्ये मध्ये १ किलोमीटरचे स्प्रिंट. एकूण वेळेत खास फरक नाही, पण स्प्रिंटमध्ये ताकद कमी पडली. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात स्नायूंच्या आत काय होतं तेही दिसलं. पायरुवेट डिहायड्रोजनेज नावाचं एक एन्झाइम असतं, त्याच्यामुळे कार्ब पुढे जाऊन वेगाने जळतात, फॅटची सवय लावली की ते मंदावतं, आणि एक दिवस लोड केल्यावरही मंदच राहतं. म्हणजे ग्लायकोजेन वाचतं हे खरं, पण ते वाचतं कारण शरीराला ते वापरताच येत नाही. साठा फुल आहे आणि जोर लावायच्या क्षणी तो हाताशी येत नाही, याला बचत म्हणणार का?

लुईस बर्क या ऑस्ट्रेलियन संशोधक, त्यांनी तर जागतिक दर्जाच्या रेसवॉकर्सवर (वेगाने चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू) तीन आठवड्यांचा प्रयोग केला, २०१७ ला तो छापून आला. कीटो गटाचं फॅट जाळणं जबरदस्त वाढलं, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागायला लागला आणि १० किलोमीटरच्या वेळेत सुधारणा झाली नाही, कार्ब खाणाऱ्या दोन्ही गटांची मात्र झाली. एक लिटर ऑक्सिजनमागे कार्बमधून साधारण ५ कॅलरी मिळतात आणि फॅटमधून ४.७. फरक छोटा दिसतो, पण यवतेश्वरचा घाट चढताना श्वास पुरत नसतो तेव्हा तोच फरक पायात जाणवतो. चढावरची रेस आणि फॅटवर चालणारं शरीर, ही जोडी जमत नाही. त्यामुळे माझं उत्तर नाही असं आहे, रेसच्या आधी तर नाहीच नाही.

मग करायचं काय? फॅट जाळायची क्षमता वाढवायचीच असेल तर आठवड्यातला एखादा सोपा, हळू, तासाभराचा रन सकाळी उपाशीपोटी करा, बाकी चढाचे आणि वेगाचे सगळे सेशन पोटात कार्ब घेऊन. आणि शेवटी लोडिंग नीट करा. ९० मिनिटांहून मोठ्या रेससाठी शेवटचे ३६ ते ४८ तास किलोमागे १० ते १२ ग्रॅम असा आकडा सांगतात, तुमच्यासाठी निदान ६०० ग्रॅम. ते दिसतं कसं? दिवसभरात ३०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात, १०० ग्रॅम पोहे, चार केळी, ३०० ग्रॅम उकडलेलं रताळं, १०० ग्रॅम साबुदाण्याची पाण्यात शिजवलेली लापशी आणि ५० ग्रॅम गूळ, एवढं मिळून सहाशेच्या जवळ जातं. खूप आहे, सवय नसेल तर पोट डब्ब होतं. अडीच तासांच्या हाफला मी आदल्या दिवशी ७-८ ग्रॅमवर भागवते, म्हणजे तुम्हाला ४५० च्या आसपास, आणि त्याच्या आदल्या दिवशी नेहमीपेक्षा थोडा भात जास्त. तूप, तळण, शेंगदाणे, उसळी आणि कोशिंबिरी त्या दिवशी कमी, नाहीतर घाटात पोट बोलायला लागतं. वजन किलो-दीड किलो वाढेल, ते पाणी आहे, त्याला घाबरून संध्याकाळी जेवण सोडू नका (असं करणारे दरवर्षी भेटतात). रेसमध्ये तासाला ३०-४० ग्रॅम तरी घ्या, ओआरएस, खजूर, लिमलेटच्या गोळ्या, जे सरावात पचलंय तेच.

प्रश्न: आईचं वय ५८, नाशिक. बारा वर्षं डायबेटिस. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड चालू आहे आणि मागच्या वर्षी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन वाढवलं. भाऊ अमेरिकेत असतो, त्याचं कीटोने २० किलो कमी झालं म्हणून त्याने आईला प्लॅन पाठवलाय, सहा दिवस २० ग्रॅम कार्ब आणि रविवारी मोकळीक. आईने सोमवारपासून चालू केलं. तिला मळमळतंय, थकवा आहे, पण शुगर १४० च आहे म्हणून खूश आहे.

तुमचा मेल वाचून त्याच दिवशी कळवलं होतं, इथे छापतेय ते बाकीच्या घरांसाठी, कारण अशी आई अनेकांच्या घरी आहे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीतून बाहेर टाकतात. चांगली औषधं आहेत, हृदय आणि किडनीलाही फायदा होतो, २०२० नंतर आपल्याकडे स्वस्त जेनेरिक आली त्यामुळे खूप जणांना चालू असतात. पण यांच्यासोबत कार्ब एकदम बंद केले तर रक्तात कीटोन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतात आणि त्याचवेळी मीटरवर शुगर मात्र ठीकठाक दिसते. कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होतं त्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात, नेहमीच्या कीटोॲसिडोसिसमध्ये शुगर तीनशे-चारशे असते म्हणून लोक धावतात, इथे १४०-१८० बघून निवांत बसतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिलाय. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, खूप थकवा, यातलं काहीही असलं तर शुगर न बघता हॉस्पिटल गाठायचं आणि तिथे स्वतःहून सांगायचं की हे औषध चालू आहे, कार्ब बंद केले होते, रक्तातले कीटोन तपासा. ग्लिमेपिराइडचा धोका उलटा आहे, ते इन्सुलिन बाहेर काढतच राहतं, खाण्यात कार्ब नसले की शुगर एकदम खाली, पहाटे घाम, थरथर, चक्कर.

भावाचं प्रेम आहे त्यामागे, ते दिसतं. पण तो तरुण, कुठलं औषध नाही, आणि त्याला चाललं ते आईला चालेल असं धरता येत नाही. डायबेटिसमध्ये कार्ब कमी करणं चूक नाही, उलट त्याने फायदा होतो, फक्त आधी डॉक्टर औषधांचे डोस बदलतात आणि मग ताटातले कार्ब हळूहळू उतरवतात, हा क्रम उलटा करायचा नाही, आणि औषधं आपल्या मनाने बंदही करायची नाहीत. रविवारच्या मोकळिकीला तर डायबेटिसमध्ये जागाच नाही. सहा दिवस २० ग्रॅम आणि सातव्या दिवशी पुरणपोळी म्हणजे शुगर चढणार किती नि उतरणार किती याचा अंदाज तिच्या डॉक्टरांनाही लागणार नाही, आणि एचबीए१सी ही टेस्ट दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवते त्यामुळे तो चढउतार रिपोर्टमध्ये दिसतही नाही. आईंसाठी रोज सारखंच जेवण असू दे, दोन भाकऱ्यांची एक, भात तीन-चार चमचे, डाळ आणि भाजी दुप्पट, संकष्टीला खिचडीऐवजी ताक, दही, थोडे शेंगदाणे आणि एखादं फळ.

प्रश्न: मी पैलवान आहे, वय १९, कोल्हापूर. ६५ किलोत खेळतो, वजन ६९ असतं. स्पर्धेआधी आठवडाभर भाकरी-भात बंद, नुसतं अंडी, पनीर, बदाम, तूप. वजन झालं की कार्ब लोडिंग, केळी, ग्लुकॉन-डी, जिलेबी. पण दुसऱ्या राउंडला हात भरून येतात. काय चुकतं?

तू माझ्या मुलाएवढा आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

कुस्ती तीन-तीन मिनिटांची, सगळी झटापटीची, त्यात फॅट जाळायला वेळच नसतो, शरीर चालतं ते ग्लायकोजेनवर. आठवडाभर भाकरी बंद करून तू तेच काढून टाकतोस. आणि ते परत भरायला वेळ लागतो, कितीही खाल्लंस तरी स्नायूंचा साठा तासाला साधारण पाच-सहा टक्के या वेगाने भरतो, म्हणजे पूर्ण भरायला दिवस जातो. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन स्पर्धेच्या दिवशीच सकाळी होतं. वजन आणि पहिली कुस्ती यात जे दोन-तीन तास मिळतात त्यात जिलेबी पोटात असते, स्नायूत पोचलेली नसते. दुसऱ्या राउंडला हात भरून येणार नाही तर काय.

कार्ब आणि पाणी परत घेतलं की वजन किती पटकन चढतं हे २०२४ ला पॅरिसमध्ये सगळ्यांनी बघितलं. विनेश फोगट पहिल्या दिवशी ५० किलोत बसली, तीन कुस्त्या जिंकून फायनलला गेली, कुस्त्यांमध्ये टिकायला खाणं-पिणं घ्यावंच लागतं, आणि रात्रभर घाम गाळूनही दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं. एवढ्या मोठ्या खेळाडूचं आणि तिच्या टीमचं हे होतं, तर तू एकटा तालमीत अंदाजाने करतोयस.

जुने वस्ताद दूध, बदामाची थंडाई, तूप द्यायचे हे खरं, पण त्याच्या जोडीला भाकऱ्यांची चळत असायची, ते विसरू नकोस. तू असं कर: चार किलो एका आठवड्यात काढायचे नाहीत, सहा-आठ आठवडे आधीपासून तूप, बदाम, रात्रीचं तळकट कमी करून तीन किलो उतरव, भाकरी-भात सरावाच्या आधी आणि नंतर ठेव. शेवटचे तीन-चार दिवस फक्त चोथा आणि मीठ कमी केलंस, म्हणजे भाकरीऐवजी भात, उसळी-पालेभाज्या बंद, तरी उरलेलं किलोभर पोटातूनच हलकं होतं. घाम काढायला प्लॅस्टिक घालून पळणं, पाणी बंद करणं, थुंकत बसणं, हे अजिबात नको. याने जीव गेलेत, १९९७ मध्ये अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेजचे पैलवान गेले. आणि ६५ जमतच नसेल तर ७० ला खेळायचं, तुझं वय वाढीचं आहे, त्याबद्दल वस्तादांशी बोल.

प्रश्न: पुण्यात रँडोनिअरिंग करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, त्यांना बीआरएम म्हणतात. २००, ३०० किलोमीटरच्या झाल्या, आता ६०० ची बीआरएम, ४० तास. दर तासाला एनर्जी जेल (साखरेचा घट्ट पाक) खाऊन पोट बिघडतं. लांब राइडला तरी लो कार्ब हाय फॅट बरं ना?

इथे माझं उत्तर जरा मऊ आहे. ६०० किलोमीटर तुम्ही ज्या वेगाने करणार त्यात मुख्य इंधन फॅटच असतं. २०१६ मध्ये अमेरिकेत २० अल्ट्रा रनर्सवर अभ्यास झाला होता, सरासरी २० महिने लो कार्बवर असणारे मिनिटाला दीड ग्रॅमच्या वर फॅट जाळू शकत होते, कार्ब खाणारे ०.६७ ग्रॅम. म्हणजे ज्याला जेल पचत नाही, रात्री तीन वाजता हायवेवर काही मिळत नाही, त्याला याचा उपयोग होऊ शकतो. पण ते शरीर सहा दिवसांत बनत नाही, महिने लागतात, सुरुवातीचे काही आठवडे पाय जड, डोकं दुखणं, मीठ कमी पडल्याने गोळे, हे सगळं बीआरएमच्या सिझनमध्ये नको. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, काही जणांचं खूप वाढतं, तेव्हा आधी आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करून घ्याच. आणि लो कार्बवाल्यालाही खंबाटकी घाट येतोच, तिथे दोन केळी खिशात असलेली बरी.

तुमची अडचण जेलची आहे, तिला डाएट बदलणं हा फार मोठा उपाय झाला. जेल बंद करा, दही-भात, उकडलेला बटाटा मीठ लावून, इडली, राजगिरा वडी, केळी असं खरं जेवण दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं घ्या, आणि सरावाच्या राइडलाही तेच खा, आतड्यांनाही सवय लागते.

प्रश्न: वय ४५, ठाणे. सहा महिने लो कार्ब आहे, वजन ९ किलो उतरलं, छान वाटतं. कंपनीच्या चेकअपमध्ये ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर १६८ आली आणि प्रीडायबेटिक लिहिलं. बायको म्हणते तुझ्या डाएटनेच डायबेटिस झाला.

घाईने निष्कर्ष काढू नका, दोघांनीही. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या आधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कार्ब खायचे असतात, तसं केलं नाही तर शरीर अचानक आलेल्या ग्लुकोजला तयार नसतं आणि आकडा खोटा वर जातो. हे जवळपास १९३० च्या दशकापासून माहीत आहे, पण चेकअपच्या पॅकेजमध्ये कोणी विचारत नाही. तुमच्यासाठी तीन दिवसांचं कार्ब लोडिंग खरंच कामाचं आहे, रोज दोन वेळा भात किंवा दोन-दोन पोळ्या, सकाळी पोहे, एखादं केळं, एवढ्यात दीडशेच्या वर जातं. डॉक्टरांना सांगून असं तीन दिवस जेवा आणि टेस्ट परत करा, सोबत एचबीए१सी आणि उपाशीपोटीची शुगरही घ्या. परत १४० च्या वर आली तर तो रिपोर्ट खरा धरायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. आणि लॅबमध्ये रक्त देताना फॉर्मवर लिहा की एरवी लो कार्ब डाएट चालू असतं.